फी नाही, पण अटी आहेत

जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत फी नसते, हे आता महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कट्ट्यांवर सगळ्यांना पाठ आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत आज तिथे सर्वांत मोठा गट आपलाच आहे, चीनलाही आपण मागे टाकले. पण प्रवेशाच्या अटी काय आहेत, त्या तशा का आहेत आणि त्यांत कोण अडकतो, यावर मराठीत फारसे बोलले जात नाही. माहिती मिळते ती बहुतेक कन्सल्टन्सीवाल्यांकडून.

माझा थोरला भाऊ सांगलीकडच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झाला. मुले अजूनही शिफारसपत्रासाठी त्याच्याकडे येतात. माझ्या मुलीने जर्मनीत मास्टर्स केले. शिकता शिकता ती विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात हिवी होती, म्हणजे तासाच्या पगारावर काम करणारी विद्यार्थी-साहाय्यक. अर्जांचे गठ्ठे तिने हाताळलेले आहेत. या दोघांचे या विषयावर जमत नाही. त्यांचे बोलणे मी इथे देते आहे, आणि जिथे मला राहवले नाही तिथे मधे बोलते आहे.

मामा : तासगावकडचा एक मुलगा आला होता. द्राक्षबागायतदाराचा. मेकॅनिकलला आठ सीजीपीए. हातात जर्मनीच्या सरकारी विद्यापीठाचं प्रवेशपत्र. आणि विचारतो काय, सर, हे पत्र पुढच्या वर्षी चालेल का? पैसे उभे राहत नाहीत म्हणतो. फी नाही ना तिथे? मग पैसे कसले?

भाची : मामा, पैशाचं बोलूच. पण आधी विद्यापीठाच्या अटी आणि व्हिसाच्या अटी वेगळ्या करा. तुमची पदवी काय, त्यात कोणते विषय होते, गुण किती, भाषा येते का, एवढं विद्यापीठ विचारतं. वडिलांचं उत्पन्न विचारत नाही. डोनेशन नाही, मॅनेजमेंट कोटा नाही. बऱ्याच कोर्सेसना मुलाखतसुद्धा नाही. पैसे आणि विमा मागतो तो व्हिसा.

मामा : मुलाला दोन्हीकडची दारं ओलांडावी लागतात. त्याला काय फरक पडतो?

भाची : पडतो. कुठे अडलं हे कळल्याशिवाय कुणाकडे दाद मागायची हे कळत नाही.

मामा : बरं, मग कागदांपासून सुरू कर. आमच्या विद्यापीठाच्या मार्कशीटवर यांचा विश्वास का नाही? १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय मुलांना ते एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं केलं. अठरा हजार रुपये फी. ज्याची मार्कशीट खरी आहे त्यानं ती खरी आहे हे सिद्ध करायला अठरा हजार का मोजायचे? फ्रान्सच्या मुलाला मागतात का?

भाची : नाही मागत. चिनी मुलांना मात्र २००१ पासून मागतात. का सुरू झालं ते सांगते. आपल्याकडे हजाराच्या वर विद्यापीठं आहेत. दिल्लीचं, पुण्याचं नाव तिथल्या क्लार्कला माहीत असतं, बाकीच्यांचं नसतं. समोर दोन अर्ज आहेत, एक खरा, एक बनावट मार्कशीटचा. दोन्हींवर शिक्का आहे, दोन्हींवर होलोग्राम आहे. अशा वेळी कार्यालय काय करतं? ओळखीच्या विद्यापीठाचा अर्ज उचलतं आणि बाकीचे मागे पडतात. एपीएस आल्यावर गडचिरोलीच्या विद्यापीठाचा कागद आणि मुंबईचा कागद एकाच रांगेत आले. मी बघितलंय हे.

मामा : सुरुवातीला किती महिने प्रमाणपत्रं रखडली होती, तेही बघितलंस ना? मुलांच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या.

भाची : ते वाईट झालं. नियम आणला आणि माणसं नेमली नाहीत. पण नियम चुकीचा नव्हता.

इथे मी मुलीच्या बाजूची आहे. खोट्या कागदाचे सगळ्यांत जास्त नुकसान होते ते लहान गावातल्या खऱ्या विद्यार्थ्याचे, कारण संशय त्याच्यावर आधी येतो. पडताळणी असावीच. ती वेळेत व्हावी आणि गरजू मुलांना तिची फी माफ असावी, एवढेच मागायला हवे.

मामा : आता गुणांकडे ये. हा माझा प्रांत आहे. तिथे सर्वोत्तम श्रेणी १ आणि काठावर पास म्हणजे ४, बरोबर? आणि आपले गुण त्यात बदलायला ते बवेरियन सूत्र वापरतात.

भाची : सुधारित बवेरियन सूत्र. जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, त्याला तीननं गुणायचं, मग जास्तीत जास्त आणि पासचे गुण यांच्यातल्या फरकानं भागायचं, आणि एक मिळवायचा. आठ सीजीपीए, पास चारला, तर दोन येते. सात असेल तर अडीच. बऱ्याच मास्टर्स कोर्सेसना अडीचची रेषा असते.

मामा : आता मी तुला उदाहरण घालतो. एका विद्यापीठात पासिंग ४० ला, दुसऱ्यात ५० ला. दोन्हीकडच्या मुलांना ७० टक्के. पहिल्याची श्रेणी येते अडीच. दुसऱ्याची? शंभरातून सत्तर गेले तीस, तीननं गुणले नव्वद, भागिले पन्नास, एक पूर्णांक आठ, अधिक एक. दोन पूर्णांक आठ! म्हणजे ज्या विद्यापीठानं पासिंग कडक ठेवलं त्याचा मुलगा रेषेच्या बाहेर. आणि जिथे ३५ ला पास करतात तिथला सत्तरवाला २.४ च्याही आत. ढिलाईला बक्षीस आणि शिस्तीला शिक्षा. गणित म्हणून हे सूत्र सरळ आहे, पण ते जे मोजायला निघालंय ते मोजत नाही.

भाची : (थोडा वेळ गप्प राहून) हे खरं आहे. आम्ही टेबलात आकडे भरायचो, खालचा आकडा कुठून आला ते कुणी विचारत नसे. पण मामा, दुसरा उपाय काय? प्रत्येक विद्यापीठाची काठिण्यपातळी बर्लिनमध्ये बसून ठरवायची? तसं केलं की पुन्हा नावाजलेल्या कॉलेजांची यादी तयार होते. सूत्राला निदान आडनाव कळत नाही, गाव कळत नाही.

मामा : उपाय आहे. त्या वर्षी त्या शाखेत त्या मुलाचा क्रमांक कितवा, हे विचारावं. शंभरात पाचवा आलेला मुलगा पाचवाच असतो, पासिंग कितीही असो.

भाची : काही ठिकाणी जीआरई किंवा गेटचे गुण मागतात, ते यासाठीच.

मामा : गेट चालेल. ती आपल्या मुलांच्या आवाक्यातली परीक्षा आहे. जीआरईला वीस हजारांच्या वर फी आहे. पुन्हा पैसा.

भावाचा हा हिशेब मी स्वतः कागदावर करून पाहिला आणि तो बिनचूक आहे. मला वाटते या साऱ्या प्रकरणात सगळ्यात कमी चर्चा झालेली गोष्ट हीच आहे. मुलांना वाटते आपले गुण कमी पडले. प्रत्यक्षात त्यांच्या विद्यापीठाची पासिंगची रेषा त्यांच्या आड आलेली असते, आणि ती रेषा कुठे आहे हे सांगणारा कागद जोडायचा असतो, हेही अनेकांना माहीत नसते. तो जोडला नाही तर समोरचा आपल्या अंदाजाने आकडा धरतो.

भाची : गुणांपेक्षा जास्त अर्ज विषयांवरून जातात, हे तुम्हाला माहीत आहे का? तिथे पदवीचं नाव बघत नाहीत, आत काय शिकलात ते बघतात. गणिताचे अमुक क्रेडिट, थर्मोचे अमुक, असं लिहिलेलंच असतं. त्यांचे युरोपीय क्रेडिट वर्षाला साठ, एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे पंचवीस ते तीस तास, घरी बसून केलेलेसुद्धा. आपल्याकडे आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, आणि चार वर्षांच्या बीईचे साधारण १६०. तिथल्या चार वर्षांचे २४०. हा फरक समजावणारा कागद मुलानं द्यायचा असतो.

मामा : एम-वन, एम-टू, एम-थ्री. तीन सेमिस्टर गणित झालेलं असतं आमच्या मुलांचं. लॅप्लासपासून फूरियेपर्यंत सगळं.

भाची : झालेलं असतं हो. पण मार्कशीटवर फक्त "एम-थ्री" लिहिलेलं असतं. त्यात काय शिकवलं, किती तास, कुठलं पुस्तक, याचा सविस्तर सिलॅबस हवा असतो, सही-शिक्क्यासह. मुलं पाठवतात फोटोकॉपीचा फोटो. कॉलेज म्हणतं विद्यापीठाकडे जा, विद्यापीठ म्हणतं जुना पॅटर्न आहे, चार आठवड्यांनी या. ट्रान्सक्रिप्टची पाकिटं मुदतीनंतर पोचतात. मामा, जर्मनीनं बंद केलेली दारं मोजता, तर ही आपण बंद केलेलीही मोजा.

मामा : मोजतो. यात तुझं बरोबर आहे. प्रत्येक शाखेचा सिलॅबस इंग्रजीत, तासांसह, एका ठिकाणी ठेवायला विद्यापीठाला पैसे लागत नाहीत.

बारावीनंतर लगेच जाऊ पाहणाऱ्यांबद्दल दोघांचे फार वाजले नाही. आपली बारावी तिथल्या शालान्त परीक्षेच्या बरोबरीची धरत नाहीत. तांत्रिक शाखेसाठी जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे लागते किंवा भारतात पदवीचे एक वर्ष पूर्ण करावे लागते. नाहीतर श्टुडिएनकोलेग नावाचा दोन सत्रांचा पूर्वतयारी वर्ग करून त्याची परीक्षा द्यायची, आणि त्या वर्गात शिरायलाच चांगले जर्मन लागते. अठरा वर्षांच्या मुलाला एजंटाच्या भरवशावर पाठवू नये, यावर दोघांचे एकमत आहे. एजंट फुकट सल्ला देतो तेव्हा त्याला पैसे कुठून मिळतात हे पालकांनी विचारावे. बहुतेक वेळा ते फी घेणाऱ्या खासगी संस्थेकडून कमिशन म्हणून मिळतात, आणि म्हणूनच सरकारी विद्यापीठाचे नाव त्याच्या यादीत खाली असते.

मामा : भाषेचं सांग. कोर्स इंग्रजीत, मुलानं चार वर्षं पेपर इंग्रजीत लिहिले, तरी आयईएल्ट्स हवंच. कशाला?

भाची : काही विद्यापीठांना माध्यमाचं प्रमाणपत्र चालतं. पण मला विचाराल तर मी अट वाढवीन. इंग्रजी कोर्सलासुद्धा जर्मन बी-वन सक्तीचं करीन.

मामा : अगं! सांगलीच्या, सोलापूरच्या मुलानं जर्मन शिकायचं कुठे? परीक्षेला पुणं-मुंबई गाठावं लागतं.

भाची : पुण्यातून जर्मन शिकून जाणाऱ्यांची परंपरा किती जुनी आहे. आणि आता ऑनलाइनही शिकता येतं. मामा, पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. मोठ्या कंपन्या इंग्रजीवर घेतात, पण तिथली बहुतेक कामं मधल्या आणि लहान कंपन्यांत असतात. तिथे मीटिंग जर्मनमध्ये, मशीनवरच्या सूचना जर्मनमध्ये. दोन वर्षं इंग्रजीत काढलेली मुलं त्या अठरा महिन्यांत जर्मन शिकायला लागतात आणि हरतात. भाषेची अट नाही म्हणून जो आनंदानं गेला, तोच शेवटी फसतो.

भावाला हे पटले नाही. मला पटले. पण तसे करायचे तर तालुक्याच्या कॉलेजातही जर्मनचा वर्ग हवा.

मामा : आता पैशावर ये. किती टाळशील?

भाची : टाळत नाहीये. श्पेरकोंटो. बंद खातं. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो. व्हिसाच्या आधी भरायचे. तिथे गेल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो आपल्यालाच परत मिळतात.

मामा : युरो शंभराच्या आसपास धर. बारा लाख झाले. आणि ही रक्कम कुठून काढली?

भाची : तिथल्या गरजू विद्यार्थ्यांना सरकार बाफ्योग नावाचं साहाय्य देतं, त्याच्या दरावरून.

मामा : म्हणजे त्यांच्या गरजू मुलाला सरकार ते देतं आणि आपल्या गरजू मुलाकडून तेवढेच आगाऊ मागतं. आता बँकेत चल. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज म्हटलं की सरकारी बँक तारण मागते. बागायतदाराकडे काय असतं? शेत. बहुतेक बँका शेतजमीन या कर्जाला तारण घेत नाहीत. गावठाणातलं घर घेत नाहीत, कागद नीट नसतात. शहरात फ्लॅट असलेल्या बापाचा मुलगा सात सीजीपीएवर जातो आणि हा आठवाला घरी बसतो. खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय देतात, पण व्याज बघ. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी आहे, ती देशातल्या संस्थांपुरतीच. ही अट गुणवत्ता बघत नाही, ती सातबाऱ्याऐवजी फ्लॅट बघते.

भाची : तरी ती अट काढून टाका असं मी म्हणणार नाही. आमच्या कार्यालयात जी मुलं रडत यायची ती कोण होती, सांगू? ज्यांनी ही रक्कम सावकाराकडून दाखवण्यापुरती घेतली होती. दर महिन्याचे ९९२ युरो तिकडे परत जायचे आणि हा गोदामात रात्रपाळी करायचा. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, त्यापलीकडे नाही. पेपर राहिले, सत्रं वाढली, व्हिसा वाढवायच्या वेळी पुन्हा पैसे दाखवा. विम्याचे महिन्याला दीडशेच्या आसपास. म्युनिकमध्ये नुसतं भाडंच अर्ध्याहून जास्त खातं. अट नसती तर अशी मुलं दहापट झाली असती.

मामा : म्हणजे अट ठेवायची आणि गरीब मुलानं जायचं नाही.

भाची : नाही. अट ठेवायची आणि पैसे दुसऱ्यानं उभे करायचे. शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर बंद खातं लागतच नाही.

मामा : हे जुनंच आहे. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या त्या जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन. बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं सयाजीरावांनी, पुढे लंडनसाठी शाहू महाराजांनी मदत केली. १९२१ साली बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं. गुणवत्ता त्यांची, पण मागे कुणीतरी उभं होतं. आज कोण उभं आहे?

भाची : शाहू महाराजांच्या नावानंच राज्याची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दर वर्षी. इतर समाजघटकांसाठीही वेगळ्या योजना आहेत. चांगल्या आहेत, मुलं शिकून आलीत. पण विद्यापीठ कोणतं चालेल ते जागतिक क्रमवारीवरून ठरवतात. अमेरिका-इंग्लंडसाठी ते ठीक असेल. जर्मनीचं चित्र निराळं आहे. तिथे होखशुले नावाच्या उपयोजित विज्ञानाच्या सरकारी संस्था आहेत. कारखान्याशी जोडलेलं शिक्षण, शेवटचं सत्र कंपनीत प्रबंध, लगेच काम. आपल्या मेकॅनिकलच्या मुलाला याहून चांगलं काय? पण त्या क्रमवारीच्या वरच्या पानांवर त्या सापडत नाहीत. म्हणजे आपलं सरकार महागड्या फीच्या विद्यापीठाला पैसे द्यायला तयार, आणि जिथे फीच नाही तिथे वर्षाचे बारा लाख द्यायला नाही.

मामा : आता तू माझ्या बाजूनं बोलतेयस.

भाची : तुमच्या बाजूनं नाही, त्या मुलाच्या बाजूनं.

बिनफीचा हा काळही कायमचा समजू नये. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ पासून सत्राला दोन ते सहा हजार युरो लावले. याच बाडेन-व्युर्टेमबर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ साली कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर त्यांना हवे आहेत आणि आपण त्यांना जर्मन शिकवून पाठवायला निघालो आहोत. मग त्याच टेबलावर बसून, महाराष्ट्रातल्या गरजू विद्यार्थ्यांना या फीतून सूट द्या, हे मागायला काय हरकत होती? अजूनही मागता येईल.

दोघांचे ऐकून माझे मत पक्के झाले आहे. कागदांची पडताळणी, विषयांची छाननी, भाषा या अटी रास्त आहेत, आणि दोन वर्षे आधी माहीत झाल्या तर आपली मुले त्या पुऱ्या करतात. गुणांच्या सूत्रात अन्याय आहे. तो आपल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन जर्मन संस्थांपुढे मांडायला हवा, आणि तोवर प्रत्येक ट्रान्सक्रिप्टवर पासिंगचे गुण आणि विद्यार्थ्याचा वर्गातला क्रमांक छापायला हवा. बंद खात्याची अट जर्मनीची आहे, ती आपण बदलू शकत नाही. पण ती रक्कम खर्चून टाकायची नसते, महिन्याला विद्यार्थ्याच्या हाती येणारी असते. राज्य सरकारने हमी घेतली तर बँका ती तारणाशिवाय देऊ शकतात.

म्हणून राज्याच्या सामाजिक न्याय आणि उच्च शिक्षण विभागांना विनंती आहे. जर्मनीतल्या सर्व सरकारी विद्यापीठांना आणि होखशुलेंना परदेश शिष्यवृत्तीच्या यादीत घ्या, क्रमवारी कितीही असो. बंद खात्याच्या कर्जाला हमी द्या. आणि तिथल्या हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलैला संपते, वर्ग ऑक्टोबरमध्ये भरतात, व्हिसाला महिने लागतात. शिष्यवृत्तीची जाहिरात आणि निवड यादी या तारखांच्या आधी लावा.